बैलांच्या नावावरची पायवाट

आमच्या कचेरीची पायरी चढणाऱ्या प्रत्येकाला आमचे साहेब आधी एकच गोष्ट विचारायचे, "कशे इलात?"

नवीन माणसाला वाटे, साहेब कामाचं विचारतायत. तो आपल्या दारातल्या तुंबलेल्या गटाराचं गाऱ्हाणं सुरू करी. त्याला हातानं थांबवून ते म्हणत, "ता मागीर. चलान इलात, सायकलीन, बशीन का गाडयेन?" चालत आलेल्याला त्यांच्या टेबलासमोरची एकुलती एक वेताची खुर्ची आणि माठातलं पाणी मिळायचं. सायकलवाल्याला बाकावर जागा. बसनं आलेला बाकाच्या टोकाला. आणि मोटारीतून उतरलेला माणूस, मग तो कितीही वजनदार असो, उभा. "तुमी बसानच इलात मां? मग आता वायच उबे रवा," हे ते इतक्या साधेपणानं सांगत की समोरच्याला आपला राग गिळावा लागे.

एका कंत्राटदारानं यावर युक्ती काढली. आपली पांढरी मोटार वळणावरच्या पिंपळाखाली ठेवून तो कचेरीपर्यंत चालत येऊ लागला. दोनदा त्याला खुर्ची मिळाली, पाणीही मिळालं. तिसऱ्या खेपेला शिपायानं चुगली केली. आम्हांला वाटलं, आता याची काही धडगत नाही. पण साहेब उलट खूश झाले. "पिंपळापासून तरी चलता मां? तितको रस्तो तरी तेका कळतलो," म्हणाले आणि त्याची खुर्ची कायम ठेवली. पुढच्याच महिन्यात पिंपळ ते कचेरी एवढ्या टापूतले खड्डे त्या कंत्राटदारानं कोणी न सांगता बुजवून टाकले.

ते रस्ते खात्यात ओव्हरसियर होते. मूळचे मांद्र्याचे, डिचोलीत एक खोली घेऊन राहत. शनिवारी दुपारी सायकलवर टांग मारून गावी जात आणि सोमवारी सकाळी सायकलवरूनच कचेरीत हजर होत. उंच, काटकुळे, टायरच्या तळव्याच्या चपला, काखेत छत्री. पांढरा सदरा, पण कमरेपर्यंतच पांढरा. त्याखाली विजारीवर खनिजाच्या ट्रकांची तांबडी धूळ कायमची बसलेली. त्यांच्या बायकोनं म्हणे धुवून धुवून शेवटी नाद सोडला होता.

मी त्या कचेरीत कारकून म्हणून लागले ती गोव्याचं राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी. खात्याचे जुने छापील फॉर्म अजून संपायचे होते. त्यांच्या डोक्यावर 'गोवा, दमण आणि दीव' असं छापलेलं. माझं पहिल्या आठवड्याचं सगळं काम म्हणजे पट्टी धरून 'दमण आणि दीव'वर काट मारणं. शेकडो फॉर्मांवर मी ती काट मारली आणि मला उगाचच वाटायला लागलं की फॉर्म दुरुस्त करणं हेच आपलं जन्मजात काम आहे. या समजुतीचा पुढे काय घोटाळा झाला, ते सांगायलाच मी बसले आहे.

पण आधी जीपची गोष्ट. खात्याची एक जीप होती आणि ती ओव्हरसियरसाठी होती. ते तिच्यात बसत नसत. ड्रायव्हर बिचारा जीप घेऊन त्यांच्या मागून पायाच्या वेगानं येई, जीपमध्ये टेप, खुंट्या आणि दोन मजूर. पुढे साहेब चालतायत, मागे जीप घुरघुरतेय, ही मिरवणूक डिचोलीत सगळ्यांना पाठ होती. मी एकदा धीर करून विचारलं, जीपमध्ये बसलं तर काय बिघडेल? "जीपीत बसान रस्तो दिसना नाय," ते म्हणाले. "फुडली जीप तेवडी दिसता."

दुसरं त्यांचं वेड म्हणजे मोजणी. वर्षातून ठरलेले सात दिवस रस्त्यावरच्या वाहनांची गणना करायची असा खात्याचा नियम. बहुतेक ठिकाणी ही गणना पंख्याखाली बसून, गेल्या वर्षीच्या आकड्यांना थोडं फुगवून होई. आमचे साहेब मात्र सकाळी सहाला काजूच्या झाडाखाली स्टूल टाकून बसत. ट्रक, बस, मोटार यांच्या नोंदी दोन मजूर करत. साहेब स्वतः मोजत ते सायकलवाले आणि फॉर्ममध्ये नसलेली, चालणारी माणसं. डाव्या खिशात बिया. माणूस पुढून गेला की एक बी डाव्या खिशातून उजव्या खिशात. चालणाऱ्याला चिंचोका, सायकलवाल्याला गुंज. आणि डोक्यावर ओझं घेऊन चालणाऱ्याला काजूची बी, सालासकट.

"ओझावाल्याक काजू कित्याक?" मी विचारलं होतं.

"तेका जागा जास्ती लागता गो बाय. तेची मान वळना नाय. फाटसून ट्रक इलो तर तेका दिसना नाय, आयकाकच येता. असो माणूस बारीक बियेत बसतलो?"

आणि स्वतःला? ते स्टुलावरून उठून चार पावलं चालले तरी स्वतःसाठी बी हलवत नसत. "मोजणाऱ्यान आपणाक मोजूचा नसता," हा त्यांचा कायदा होता आणि तो ते देवाच्या नियमासारखा पाळत.

संध्याकाळी खिसे रिकामे करून ते बिया वेगवेगळ्या करत, मोजत आणि फॉर्मच्या उजव्या समासात पट्टीनं एक जादा रकाना आखून त्यात लिहीत: 'चालणारे'. दर वर्षी. आणि दर वर्षी पणजीच्या मोठ्या ऑफिसात तो रकाना कोणी बघतही नसे, कारण तो छापलेला नव्हता.

शिपाई एक आठवण नेहमी सांगे. भाषेचं आंदोलन पेटलं होतं तेव्हा रस्त्यारस्त्यावर झाडं आडवी पाडली होती. एकही गाडी हलत नव्हती आणि नेमका गणनेचा आठवडा. सगळ्यांनी सांगितलं, यंदा राहू दे. साहेब पाडलेल्या झाडाच्या बुंध्यावरच जाऊन बसले. त्या दिवशीच्या फॉर्मवर ट्रक शून्य, बस शून्य, मोटार शून्य आणि समासातला रकाना भरून कागदाच्या पाठीवर गेलेला. आंदोलनातल्या एका पोरगेल्या पुढाऱ्यानं त्यांना दरडावून विचारलं, "तुम्ही मराठीच्या बाजूनं की कोंकणीच्या?" साहेबांनी खिशातली बी हलवली आणि म्हणाले, "तू चलान इलस मां? मग मी तुझ्या बाजून."

दिल्लीचं प्रकरणही असंच. एकदा वरून एक जाडजूड चळत आली. देशाचं वाहतूक धोरण ठरवायचं होतं, त्याचा मसुदा. खालपर्यंतच्या कचेऱ्यांनी सूचना कळवाव्यात असं वर लिहिलेलं. अशा कागदांवर 'पाहिले' अशी सही करून ते कपाटात टाकायचे असतात, हे मला तोवर कळलं होतं. साहेबांनी तो मसुदा घरी नेला. तीन दिवसांनी आणला तो लाल पेन्सिलीच्या खुणांनी रंगलेला असेल असं मला वाटलं. बघते तर अख्ख्या चळतीत एकच लाल रेघ.

"बंदरां आसत, विमानां आसत, रेल आसा," ते पानं उलटत म्हणाले. त्यांचा आवाज कधी चढत नसे, त्या दिवशी चढला. "अर्धो देश पायान चलता, तो खय आसा? सायकल खय आसा? एकाच जाग्यार गावलो चलणारो. हय बघ." ते पान अपघातांचं होतं. "चलणारो मेलो काय कागदात येता. जितो आसताना नाय."

त्यांनी लांबलचक उत्तर लिहिलं. मी ते इंग्रजीत टाईप केलं, माझ्या इंग्रजीत, म्हणजे दिल्लीकरांचे हाल काही कमी झाले नसतील. सार एवढंच होतं की देशाच्या धोरणात रस्त्याची रुंदी आधी चालणाऱ्यापासून मोजायला लागा, मग सायकल, मग बस आणि उरलं तर मोटार. गरीब देशाला दुसरं परवडणारही नाही. पुढे कधीतरी पोच आली, एक ओळीची. ती त्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवली. "पोचला तरी," म्हणाले. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती बोट ठेवून दाखवत आणि आम्ही मागे हसत असू. मीही हसले आहे. आज त्याची लाज वाटते.

आता माझा घोटाळा.

मी सर्वणची. आमची थोडी शेती, भाजीचा मळा. आई पहाटे भाजी काढून, पाटी डोक्यावर घेऊन डिचोलीच्या बाजाराला चालत जायची. वाटेत नदीवर पोर्तुगीज काळातला एक पूल होता. तो बांधला तेव्हा त्यावरून कोण जात असेल ते असो, पण आमच्या वेळी त्यावरून खनिजाचे ट्रक जायचे, एकामागून एक. ट्रक पुलावर चढला की चालणाऱ्यानं कठड्याला पाठ लावून उभं राहायचं. बेळगाव-कोल्हापूरकडचे कारखान्यातले कामगार, शाळेची पोरं, बायका, सगळ्यांना ही रीत ठाऊक होती. आईला मी रोज सांगायची, जपून जा. ती म्हणायची, "हांव सरकून उबी रावतां गो, पूण ट्रक सरकना."

एके सकाळी ट्रकच्या फाळक्याची कडी तिच्या पाटीला लागली. पाटी नदीत गेली आणि आई गर्रकन फिरून पुलावर पडली. हात मोडला. दुसऱ्या ट्रकवाल्यानं वेळेवर ब्रेक दाबला म्हणून आई वाचली. दोन महिन्यांनी हात बरा झाला आणि ती पुन्हा पाटी घेऊन त्याच पुलावरून जाऊ लागली, कारण दुसरी वाट नव्हती. रोज साडेसातला ती घरातून निघाली की ती परतेपर्यंत मी घड्याळाकडे बघत राहायची.

याच पुलाच्या जागी नवीन पूल मंजूर झाला. नकाशा आला तेव्हा मी हावरटासारखी बघायला गेले. दोन ट्रक ऐसपैस जातील एवढा रुंद आणि चालणाऱ्यांसाठी एक वीतसुद्धा नाही. साहेबांनी पणजीला पत्र लिहिलं. उत्तर आलं: वाहनगणनेत पादचाऱ्यांची नोंद नसल्याने तरतूद करता येत नाही.

त्याच वर्षीच्या गणनेचे फॉर्म पक्के टाईप करायचं काम माझ्याकडे आलं. साहेब हळर्णच्या बाजूला पावसानं खचलेल्या रस्त्याच्या मोजमापाला गेले होते. मी छापील रकाने भरले आणि समासातल्या त्या जादा रकान्यापाशी अडले. छापील फॉर्मवर तो नव्हता. खाली तर सूचना होती की प्रत्येक आकडा कुठल्या ना कुठल्या रकान्यात आलाच पाहिजे. आता, 'दमण आणि दीव' काटणारी मी. फॉर्म दुरुस्त करणं माझ्या हातचा मळ. मी विचार केला. शेवटचं सदर होतं 'संथ वाहतूक'. त्यात दोन रकाने, सायकल आणि बैलगाडी. चालणारी माणसं संथ, पेट्रोल लागत नाही, आणि सायकल तर ती नव्हेतच. उरला बैलगाडीचा रकाना. मी सगळी माणसं, माझ्या आईसकट, बैलगाड्यांत जमा केली. कचेरीच्या मुख्य साहेबांनी न बघता सही केली आणि फॉर्म पणजीला गेले.

मी हे मुद्दाम केलं असं नंतर कित्येकांना वाटलं. मी तेवढी हुशार असते तर बरं झालं असतं. खरं म्हणजे मला वाटलं होतं, मी नीटनेटकं काम केलं.

तीन महिन्यांनी पुलाचा सुधारित नकाशा आला. पुलाच्या एका बाजूला, उंच दगडी कठड्यानं वेगळी केलेली छान रुंद पट्टी. साहेबांनी नकाशा टेबलावर पसरला आणि दोन्ही तळवे त्या पट्टीवर ठेवून उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. शिपायाला हाक मारून त्यांनी सगळ्यांसाठी पावाचे उंडे आणि चहा मागवला. "आयकला रे तेंनी," ते म्हणाले. "इतकी वर्सां लिवलय, शेवटाक आयकला."

मग त्यांनी चष्मा लावून पट्टीवरची बारीक अक्षरं वाचली. 'बैलगाडी मार्ग'.

त्यांनी ती अक्षरं पुन्हा एकदा वाचली. मग गणनेच्या फॉर्मची कचेरीतली प्रत मागितली. मी ती काढून दिली तेव्हा मी काय करून बसले ते माझ्या लक्षात आलं. वाहतुकीच्या तक्त्यात बैलगाडीचा भार मोटारीपेक्षा कितीतरी जास्त धरतात, कारण ती हळू चालते आणि जागा अडवते. माणसाचा भार काहीच धरत नाहीत. पणजीच्या हिशेबानं आमच्या रस्त्यावर सगळ्या गोव्यात नसतील एवढ्या बैलगाड्या रोज धावत होत्या. खरी बैलगाडी त्या रस्त्यावर एक होती, आणि तिचा एक बैल म्हातारा होता.

"तू लिवलस?" त्यांनी विचारलं.

मी रडायलाच लागले. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. पण खरं सांगते, मला नोकरीचं भय नंतर वाटलं. आधी मी म्हणाले, "साहेब, राहू दे ना असंच. कोणाला कळणार आहे? माझी आई त्या पुलावरून जाते."

"माका म्हायत आसा," ते म्हणाले. "काजूची बी. पावणेआठाक."

त्यांना तिचं नाव ठाऊक नव्हतं, वेळ ठाऊक होती. मी आणखीच रडले.

"रडू नको. पण ह्या असा ठेवूक येना नाय," ते म्हणाले. "आज मी बैल लिवन जागा घेतलय, तर उद्या माझी एकय मोजणी कोण खरी मानतलो? मग चलणाऱ्याच्या बाजून बोलूक माझ्याकडे काय उरला?"

माझा संताप झाला. हे त्यांना मी कधी सांगितलं नाही, पण त्या क्षणी मला त्यांचा राग आला, अगदी मनापासून. आपलं खरेपण जपायला हा माणूस माझ्या आईला परत त्या ट्रकांपुढे उभं करतोय, असं वाटलं. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनी मात्र पत्र लिहिलं. टाईप मीच करायचं होतं, म्हणून मला ते शब्दनशब्द आठवतं. फॉर्मवर नसलेला रकाना मी वर्षानुवर्षे आखत आलो, त्यामुळे आकडे चुकीच्या सदरात गेले, चूक सर्वस्वी माझी आहे. एवढंच. माझा, म्हणजे टाईप करणाऱ्या कारकुनाचा, उल्लेख कुठेही नाही. मी म्हटलं, साहेब, इथे कारकुनाकडून असं पाहिजे. ते म्हणाले, "रकानो कोणी आखलो? मीच मां? लिव गुपचूप."

आठवड्यानं पणजीहून एक मोठे अधिकारी मोजणी तपासायला सकाळी सातलाच आले, जीपमधून. कपाळावर आठ्या. आमच्या साहेबांनी सवयीनं विचारलं, "कशे इलात?" अधिकारी म्हणाले, "दिसत नाही? जीपनं." आणि खरोखरच ते शेवटपर्यंत उभे राहिले, कारण वेताच्या खुर्चीवर तेव्हा एक चालत आलेली म्हातारी बसली होती आणि साहेबांनी तिला उठवलं नाही.

मग सगळे पुलावर गेलो. अधिकाऱ्यांनी कठड्याशी उभं राहून घड्याळ लावलं. "दाखवा बैलगाड्या."

बाजाराची वेळ होती. साहेब नेहमीप्रमाणे खिशात हात घालून उभे राहिले. माणसं येऊ लागली. कारखान्याच्या पाळीवरून सुटलेले कामगार, शाळेचा घोळका, सायकलवरचा पोदेर आपल्या पावांच्या टोपलीसकट. ट्रक आला की सगळे कठड्याला चिकटत. अधिकाऱ्यांनाही चिकटावं लागलं. तांबडी धूळ त्यांच्या कोटावर बसली. साहेबांच्या खिशातल्या बिया इकडून तिकडे होत होत्या. मग लांबून माझी आई येताना दिसली. मोडलेला हात पाटीला नीट लागत नव्हता, म्हणून पाटी किंचित कललेली. पुलाच्या मध्यावर तिच्यामागून ट्रक आला. ती सरकून उभी राहिली, डोळे मिटून. ट्रक गेला. तिनं डोळे उघडले, मला बघितलं, एवढी माणसं बघून लाजली आणि पुढे गेली. साहेबांनी काजूची बी उजव्या खिशात टाकली.

"बैलगाडी एकच आहे," साहेब अधिकाऱ्यांना म्हणाले. मोठ्या माणसांशी ते पुस्तकी मराठी बोलत. "आज ती आली नाही. बाकीचा आकडा हा. डोळ्यांदेखत गेला."

"म्हणजे पट्टी रद्द करावी लागेल," अधिकारी कोट झटकत म्हणाले. "पादचाऱ्यांसाठी तरतूद नाही."

"करा. फक्त मला एवढं लिहून द्या." साहेबांनी सदऱ्याच्या खिशातून घडी केलेला कोरा कागद काढला आणि पेन पुढे केलं. आणि मग त्यांची पुस्तकी मराठी संपली. "बैलाक दिलेली जागा माणसाक देवक येना नाय, इतक्याच लिवान द्या. खाली सही करा. मी तो कागद ह्या पुलार लावतय."

अधिकाऱ्यांनी कागदाकडे बघितलं. पेनाकडे बघितलं. पुलावरचे सात-आठ कामगार ऐकायला थांबले होते, त्यांच्याकडेही बघितलं. मी त्या माणसाला दोष देत नाही. असलं वाक्य लिहून खाली सही करायला कोणाचा हात उठेल? त्यांनी पेन परत केलं आणि म्हणाले, "नकाशा मंजूर झालेला आहे. आता बदलत बसलो तर काम लांबेल. राहू दे."

पट्टी राहिली. नकाशातही आणि नंतर सिमेंटातही. कागदोपत्री ती बैलगाडी मार्गच राहिली, कारण नाव बदलायचं तर पुन्हा मंजुरी लागली असती. साहेबांना ठपक्याचं पत्र मिळालं आणि पावसाळ्याआधी बदली, पार काणकोणला. गोव्याच्या त्या टोकाहून शनिवारी सायकलनं मांद्र्याला येणं शक्य नव्हतं. जन्मात पहिल्यांदा ते नियमानं बसमध्ये बसले, ते माझ्यामुळे. माझी नोकरी त्याच महिन्यात कायम झाली.

निघायच्या दिवशी त्यांनी काचेखालची दिल्लीची पोच काढून घेतली आणि बियांची पिशवी माझ्या टेबलाच्या खणात ठेवली. "काणकोणात चिंचोके गावतत," म्हणाले. मला त्या वेळी त्यांच्या पाया पडायचं होतं. पण दोन दिवस न बोललेल्याचं ओझं मनात होतं, आणि कचेरीत सगळे बघत होते. मी नुसतं "बरं साहेब" म्हटलं.

बरीच वर्षं गेली. मी त्याच खात्यात हेड क्लार्क झाले. एके दिवशी वरून एक नवीन धोरणपत्र आलं आणि 'पाहिले' अशी सही करण्याआधी मी सवयीनं चाळलं. त्यात लिहिलं होतं की रस्ते वाहनांसाठी नसून माणसांसाठी आहेत आणि चालणाऱ्याचा आणि सायकलवाल्याचा विचार आधी करावा. मी लाल पेन्सिल घेतली आणि रेघा मारत सुटले. त्यांच्या एका पत्रामुळे हे झालं असं मी म्हणत नाही. देशात असे वेडे अनेक असतील, ठिकठिकाणी आपापल्या झाडांखाली बसलेले. पण मला एकच माहीत होता. मी त्या पानांची झेरॉक्स काढली आणि मांद्र्याला पाठवून दिली.

उत्तरादाखल ते स्वतःच आले. निवृत्त होऊनही कित्येक वर्षं झाली होती. कचेरीच्या दारात सायकल लावताना दिसले तेव्हा मी शिपायाच्या आधी धावले.

"कशे इलात?" मी विचारलं.

ते इतके हसले की त्यांना खोकला आला. "कोलवाळसून सायकल हातात धरान चलत इलय. चढण आता झेपना नाय."

मी त्यांना वेताच्या खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. मग त्यांना पूल बघायचा होता. बदली झाल्यापासून त्यांनी तो पाहिलाच नव्हता. आम्ही चालत गेलो. उंच कठड्याच्या पलीकडून ट्रक जात होते आणि अलीकडे, बैलांच्या नावावरच्या त्या वाटेवर, शाळेच्या मुली तिघी-तिघी हातात हात घालून चालल्या होत्या. कोणी कठड्याला चिकटत नव्हतं. माझ्या आईनं शेवटची बारा वर्षं या पट्टीवरून डोळे उघडे ठेवून ये-जा केली, हे मी त्यांना सांगितलं. आणि तेव्हा दोन दिवस मी तुमच्याशी रागानं बोलत नव्हते, तेही सांगितलं.

"म्हायत आसा," ते म्हणाले. "टायपात दिसा होता. अक्षरां कागदाक भोकां पाडी होती."

पट्टीच्या तोंडाशी येऊन ते थांबले. खिसे चाचपले. "आज बियो हाडूक नाय," म्हणाले.

मी पर्स उघडली. ती जुनी पिशवी मी आणली होती. "आज मोजणारी मी," मी म्हटलं. "तुम्ही चाला पुढे."

ते संकोचले, पण कायदा त्यांचाच होता. मोजणारा वेगळा असेल तर ते मोजले जाणारच. छत्री टेकत ते पट्टीवरून सावकाश निघाले, माझ्या पुढून गेले. मी पिशवीत हात घातला, चिंचोके बाजूला सारले आणि काजूची बी काढली.

त्यांनी वळून बघितलं. नजर अजून तीक्ष्ण होती. "काजू कित्याक? माझ्या डोक्यार ओझा खय आसा?"

"होतं," मी म्हटलं आणि बी पर्सच्या उजव्या कप्प्यात टाकली.